मानेची नक्कल

१७ जानेवारी

ती. वन्संना,

नमस्कार. वाकून करायचा होता, पण सध्या वाकणं बंद आहे, तेव्हा उभ्यानंच घ्या. फोन केला असता तर तुम्ही सारखं "काय, काय" करणार आणि भावोजी मध्ये पडून तिसरंच काहीतरी सांगणार, त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय लिहिताना मला मध्येच कोणी थांबवत नाही.

तर त्या दिवशी तुम्हाला आगगाडीत बसवलं आणि आम्ही तिघं घरी निघालो. मुलगा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी, सूनबाई मागच्या सीटवर. तुम्ही गेल्यामुळे सगळ्यांचीच तोंडं उतरलेली, म्हणून मी आपली तुमची नक्कल काढली. रागावू नका. खिडकीतून रडता रडता तुम्ही पिशव्या कशा मोजत होतात, नाकाला रुमाल लावून मध्येच "निळी कुठाय, ती निळी कुठाय" कशा करत होतात, ते सगळं. सूनबाईला नीट दिसावं म्हणून मान पार मागे वळवली होती. गाडी सिग्नलला उभी. तुमचं रडं अगदी रंगात आलेलं, आणि मागून एक पावाची व्हॅन येऊन धाडकन आदळली.

फार काही झालं नाही. मागं पत्र्याला एक खळी पडली, मुलीच्या गालाला शोभेल अशी. व्हॅनवाला उतरला तो आमच्यापेक्षा जास्त थरथरत होता. मुलानं गाडीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या, ओरखडा चाटून बघायचा तेवढा ठेवला. मी म्हटलं, "बघा, वन्संची नक्कल केली की हातोहात शिक्षा." सगळे हसलो. घरी आलो, जेवलो, झोपलो.

सकाळी उठायला गेले तर डोकं उशीवरच राहिलं. बाकीची मी उठले, ते आलंच नाही. शेवटी स्वतःचेच केस मुठीत धरून उचललं, कलिंगड उचलतात तसं. दारात सूनबाई उभी. म्हणते कशी, "आई, आज कोणाचा पार्ट?"

डॉक्टरांनी फोटो काढला. हाडं सगळी जागच्या जागी. म्हणाले, मागून धक्का बसला की धड पुढे जातं, डोकं मागेच राहतं, आणि मग चाबकाच्या टोकासारखं पुढे येतं. आतल्या शिरा-स्नायू ताणले जातात, ते फोटोत दिसत नाहीत. मान वळलेली होती म्हणून जरा जास्त लागलं म्हणे. गळ्यात घालायला मऊ पट्टा दिला. दोनचार दिवसच घाला, आणि मान हळूहळू हलवत राहा, बरं वाटेल.

दुकानात तर बहारच झाली. आमच्या टेलरमास्तरांकडे कोट शिवायला ते वकीलसाहेब येतात, सांगितलंय ना तुम्हाला? मान ताठ. इकडंतिकडं बघायचं झालं तर अख्खे वळतात, कपाट सरकवल्यासारखे. ते गेले की मी त्यांची नक्कल करते आणि दुकान आडवं होतं. तर मी दारातून आत शिरले आणि कापड बेतणारा म्हणाला, "या वकीलसाहेब, बसा." मास्तर गळ्यातली टेप काढून माझं माप घ्यायला आले. मग मीही म्हटलं, आलंच आहे ताट पुढ्यात. कपाटासारखी वळले आणि पुढची तारीख मागितली.

पट्टा घातला की हनुवटी वर राहते, हातातलं काज दिसत नाही. म्हणून दुकानात काढून ठेवते. होईल दोनचार दिवसांत नीट.

तुमची आगाऊ वहिनी


२९ जानेवारी

चि. टवळीस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मी मोठ्यानं वाचलं, कारण हळू वाचलं तर माझं मलाच ऐकू येत नाही. दुकानात घड्याळ घ्यायला एक गिऱ्हाईक आलं होतं, ते घड्याळ विसरून ऐकत बसलं. ते कलिंगडाचं आलं तेव्हा ह्यांच्या डोळ्यावरचं भिंग सुटून उघड्या घड्याळात पडलं. आता ते कोणाचं घड्याळ किती वाजले सांगेल देव जाणे.

मी अशी रडत नाही. आणि निळी पिशवी खरंच राहिली होती, तुझ्याच घरी सापडेल.

तुझ्या मानेचं म्हणशील तर माझ्यासमोर ही सोंगं नकोत. नवी सून म्हणून आलीस तेव्हा पाणी भरायचं चुकवायला पाय मुरगळून घेतला होतास, आठवतं? आठवडाभर आई तेल चोळत होती, मी तुझ्या वाटचं पाणी भरत होते. आणि एका सकाळी डाव्या पायानं लंगडणारी तू उजव्या पायानं लंगडत बाहेर आलीस. सगळ्यात जास्त आमचा धाकटा हसला. नवरा ना तो तुझा, त्याला तुझ्या प्रत्येक सोंगाचं कौतुक. तो असता तर आता हा पट्टा स्वतःच घालून बसला असता.

तेव्हा मान पण एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं दुखव, म्हणजे दोन्हीला सारखा आराम. आणि त्या वकिलाचं अजून लिही. ते गिऱ्हाईक विचारून गेलंय.

तुझी नणंद


२० मार्च

ती. वन्संना,

नमस्कार, अजून उभ्यानंच.

पाय बदलला तशी मान बदल म्हणता. दुसरी असती तर कधीच बदलली असती.

हे दुखणं घरजावयासारखं निघालं. जातो जातो म्हणतं आणि चपला काढून ठेवतं. मानेच्या मागून निघतं, कवटीवर चढतं आणि डोळ्यामागं येऊन बसतं. खांद्यावर कोणीतरी पाय खाली सोडून बसल्यासारखं वाटतं. हे असते तर त्यांच्यावरच आळ घेतला असता. घास चावला की जबडा कटकन वाजतो. पटकन उठले की खोली एक गिरकी घेते आणि मी भिंत धरून तिचं होऊ देते. मास्तर म्हणतात काजं वाकडी यायला लागलीत. मी म्हटलं, काजं सरळच आहेत, बटणं वाकडी आहेत. हसले. पण दुसऱ्यांदा हसले नाहीत.

आता तुमच्या गिऱ्हाइकाला वकील हवाय ना, घ्या.

वकीलसाहेब नव्या कोटाची फिटिंग बघायला आले होते. तीन पाखांच्या आरशासमोर उभे. मास्तरांनी मला टाचण्या घेऊन बोलावलं. मी आतल्या खोलीत खाली मान घालून बसले होते सकाळपासून, त्यामुळे उठले तेव्हा मान लाकूड झालेली. पट्टा आत खुंटीवर. तशीच बाहेर आले, आणि टाचण्या द्यायला वळायचं तर अख्खी वळले. कपाटासारखी. मागून कापड बेतणारा फिसकन हसला. मग इस्त्रीवाला.

वकीलसाहेबांनी आरशात बघितलं. एका पाखात ते, शेजारच्या पाखात मी. दोघं सारखेच उभे. वन्सं, खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की काय हुबेहूब जमलीय.

ते चिडले नाहीत. कोट उतरवला, मास्तरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "राहू द्या हा." मग माझ्याकडे वळले, अख्खे. म्हणाले, "बाई, तुम्ही माझी नक्कल करता हे मला कधीपासून माहीत आहे. हा आरसा बाहेर रस्त्यावरूनही दिसतो. पण आजवर मी गेल्यावर करत होतात. तेवढा आब राखत होतात."

मी म्हटलं, "नाही हो साहेब, माझी मान खरंच..." आणि मागं ते दोघं असे फुटले हसायला की पुढचं मलाच ऐकू आलं नाही.

मास्तर म्हणाले, थोडे दिवस घरी बसा. थोडे म्हणजे किती ते बोलले नाहीत. इतकी वर्षं पोट धरून हसणारे तेच, म्हणाले, "नक्कल कुठं थांबवायची ते कळलं पाहिजे माणसाला."

एवढंच. वन्सं, खरंच दुखतं हो.

तुमची वहिनी


२ एप्रिल

चि. टवळीस,

आशीर्वाद. ह्यांना वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीला म्हणाले, "बघ, जाता जाता गवयासारखी कशी हरकत घेतली." तू त्या पायाच्या वेळीही अस्संच म्हणायचीस, आईच्या मांडीवर डोकं ठेवून, "खरंच दुखतं हो." तोच सूर. मी एकदा फसले, पाणी भरलं. आता माझे गुडघे गेलेत, आता फसायला परवडत नाही.

पण वकिलाचं वाचून मला बरं वाटलं नाही. माणसाच्या पाठीमागं काय हसायचं ते हसावं, तोंडावर नाही. जा आणि त्याची माफी माग. मास्तरांकडेही जा. तुझ्यासारखी काजं करणारी त्यांना कुठं मिळणार आहे? चार दिवस फुगून बसतील आणि बोलावतील.

तिकडं बाकी सगळे ठीक ना? भाच्याला सांग, आत्याला दोन ओळी लिहीत जा.

तुझी नणंद


११ जून

ती. वन्संना,

नमस्कार. लिहायला उशीर झाला. टेबलाशी बसून लिहिता येत नाही, आता भिंतीला टेकून, पाटी छातीशी धरून लिहिते. अक्षर बघून हसू नका. शाळेतही असंच होतं, फक्त तेव्हा कारण नव्हतं.

माफी मागायला गेले होते. पट्टा घालून गेले, म्हणजे त्यांना दिसेल की मी सोंग करत नव्हते. त्यांच्या ऑफिसच्या जिन्याखाली पाटीवर त्यांचं नाव वाचलं आणि पाय थांबले. म्हटलं, हे दार उघडणार आणि समोर मी, ताठ, वर गळ्यात पट्टा. नाटकवाली कपडेपट सुद्धा घेऊन आली, असं नाही का वाटणार? परत फिरले.

येताना बसमध्ये उभी होते. एक बाई स्वतःहून उठली, मला बसवलं आणि विचारलं, "फार दुखतं का हो?" वन्सं, जानेवारीपासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी रडले. तिला वाटलं दुखण्यानंच.

तेव्हापासून पट्टा काढला नाही. जेवताना, झोपताना, कायम. पट्टा असला की सूनबाई हळू बोलते, मुलगा पाण्याची बादली उचलतो, जिन्यात लोक वाट देतात. पट्टा नसला की मी तीच, आज कोणाचा पार्ट. त्या दिवशी दुकानात हा गळ्यात असता तर मी अजून काजं करत असते. खुंटीवर होता म्हणून सगळं गेलं.

गेल्या आठवड्यात सूनबाईनं मानेचे व्यायाम घेणाऱ्या बाईकडे नेलं. तिनं पट्टा बघितला आणि पहिलं वाक्य, "हा अजून? डॉक्टरांनी किती दिवस सांगितला होता?" मी म्हटलं, "दोनचार." तिनं तो काढला, माझं डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि सोडलं. मला वाटलं आता जमिनीवर पडणार. म्हणाली, "मानेनं काम सोडून दिलंय. पट्टा राबतोय आणि मान बसून खातेय." रोज थोडी थोडी वळवायची म्हणे, खांद्याकडे, छातीकडे. दुखेल, पण दुखलं म्हणजे मोडलं असं नाही. आणि पट्टा आजपासून बंद. जितका घालाल तितकं बरं व्हायला लांबेल. मी भीतीनं मान जपत राहिले आणि त्यानंच ती आणखी आखडली, असं तिचं म्हणणं.

सगळं पटलं मला. चांगली बाई आहे. पण हा काढला की माझ्याकडे दाखवायला काय उरतं, ते तिला विचारलं नाही. तुम्हाला विचारते.

घरी येताना पिशवीतून काढून परत घातला.

तुमची वहिनी


२५ जून

वहिनी,

आशीर्वाद. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं नाही. मी आधी भाच्याला पत्र टाकून विचारलं. त्याचं उत्तर आलं. लिहितो, "आत्या, आईला काही झालेलं नाही. दोनदा फोटो काढला, तिसरा मोठ्या मशीनमध्ये काढला, सगळं स्वच्छ आहे. काय करावं कळत नाही." पोराचं अक्षर बघून मला वाईट वाटलं. गाडी तोच चालवत होता, हे तुझ्या लक्षात येतं का? तू पट्टा घालून समोर बसलीस की त्याच्या घशाखाली घास उतरत नसेल.

मला स्पष्ट बोलायची सवय आहे. धाकटा गेल्यापासून तू एकटी पडलीस, हे मला दिसतं. तुझं एक हक्काचं हसणारं माणूस गेलं. पण त्यासाठी दुखण्याला धरून बसायचं नसतं. व्यायामवाली सांगते पट्टा काढ, डॉक्टर सांगतात काढ. मग तू कोणासाठी घालतेस?

काढ तो. पुरे झालं नाटक.

नणंद


३० ऑगस्ट

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. पट्टा काढला. मान आता बरी आहे. मुलगा आणि सूनबाई मजेत आहेत. तुमच्या गुडघ्यांची काळजी घ्या. भावोजींना नमस्कार.

तुमची वहिनी


८ सप्टेंबर

चि. टवळीस,

मी तुझं पत्र नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. संपलं तरी हे माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "पुढचं वाच." मी म्हटलं, एवढंच आहे. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून बघितला. मग डोळ्यावरचं भिंग काढून ठेवलं आणि म्हणाले, "ही आजारी आहे."

मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, बरी आहे असं स्वच्छ लिहिलंय. म्हणाले, "हिनं आपल्या नवऱ्याच्या मरणाचं पत्र लिहिलं होतं, त्यात सुद्धा आपण दोन ठिकाणी हसलो होतो. ह्यात एकही जागा नाही."

मग मी तुझी जानेवारीपासूनची सगळी पत्रं काढली आणि मनातल्या मनात वाचली. मोठ्यानं वाचताना मी हसू येईल तिथंच थांबत होते. कलिंगडाशी थांबले. कलिंगडाच्या आत तू स्वतःचं डोकं हातानं उचलत होतीस, तिथं मी गेलेच नाही.

काही विचारत नाही, फक्त जसं आहे तसं लिही. आणि विनोद केलास तर मी पत्र फाडीन.

तुझी वन्सं


१९ सप्टेंबर

ती. वन्संना,

जसं आहे तसं लिहिते.

पट्टा मी जूनच्या शेवटी काढला. तुमचं पत्र आलं त्या दिवशी. काढून कपाटात टाकला. मुलानं बघितलं, म्हणाला, "बघ आई, म्हटलं होतं ना मी." त्याचा चेहरा इतका उजळला की मी पुढे काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून बादली पुन्हा माझ्याकडे आली. वाईट माणसं नाहीत ती. त्यांना वाटलं संपलं. मीच वाटू दिलं.

सकाळी उठताना सरळ उठता येत नाही. आधी कुशीवर वळायचं, मग डोक्याखाली हात घालायचा, मग पाय खाली सोडायचे आणि मग डोकं बरोबर आणायचं. दार लावून घेते, कोणाला दिसत नाही. दुपारपर्यंत बरं असतं. मग मागून चढायला लागतं. संध्याकाळी कोणी मोठ्यानं बोललं तरी आवाज डोक्यात टोचतो. मुलगा गाडीत बस म्हणतो, मी चालायला आवडतं म्हणते. मागून ब्रेकचा आवाज आला की अंग आपोआप दगड होतं, आणि दगड झालं की पुढचे दोन दिवस गेले.

व्यायाम करते. नाही करत असं नाही. हनुवटी आत घ्यायची, हळू सोडायची. उजवीकडे बघायचं. जिथपर्यंत जाते तिथपर्यंत, ओढायचं नाही. व्यायामवाली म्हणते बहुतेक लोक काही आठवड्यांत, महिन्यांत बरे होतात. तुम्ही उशिरा सुरुवात केली. काहींचं थोडं राहतं. मी विचारलं, थोडं म्हणजे किती? ती म्हणाली, ते मला खोटं सांगायचं नाही. त्यासाठी मला ती आवडते आणि त्यासाठीच तिच्याकडे जावंसं वाटत नाही.

मास्तरांनी दुसरी बाई ठेवली. काचेतून बघितलं.

आता एक सांगते, जे कोणाला सांगितलं नाही. वन्सं, नक्कल गेली. तुम्हाला वाटत असेल नक्कल आवाजानं होते. आवाज नंतर येतो. आधी मान. कोणी मान पुढे काढून चालतं, कोणी एका बाजूला कलती ठेवतं, तुमची बोलताना जरा मागे जाते, ऐकू यावं म्हणून डावा कान पुढे येतो. माणूस मानेपासून सुरू होतं. ती वळली की पुढचं सगळं आपसूक येतं मला, शिकायला लागलं नाही कधी. गावच्या शाळेत मी काही धड शिकले नाही, पण गुरुजी वळायच्या आत त्यांची मान मी उचललेली असायची. मला दुसरं काही येत नाही. ह्यांनी माझ्यात बघितलं ते तेवढंच.

आता आरशासमोर उभी राहते आणि कोणीही येत नाही. नुसती मी असते, ताठ. लोक म्हणतात बाई आता शहाणी झाली.

रात्री झोप लागली नाही की वाटतं, त्या सिग्नलला मागच्या मागे सगळं संपलं असतं तर बरं झालं असतं. असं रोज वाटत नाही. पण वाटतं.

तुम्ही सांगितलं म्हणून लिहिलं. आता फाडा.

वहिनी


२५ सप्टेंबर

वहिनी,

फाडलं नाही. तिकीट काढलंय. शनिवारी सकाळी पोचते. ह्यांना दुकान सोडून यायचं नाही, मी एकटीच येते. स्टेशनवर कोणी येऊ नका, मी रिक्षा करीन. तुझ्या डोक्यात जे येतं ते मी येईपर्यंत सूनबाईला सांग. लाजू नकोस. मी तिलाही वेगळं पत्र टाकलंय.

वन्सं


१४ नोव्हेंबर

ती. वन्संना,

नमस्कार. तुम्ही नीट पोचलात, भावोजींचं कार्ड मिळालं.

तुम्ही जाऊन आता महिना होत आला. घरातलं कळवते. तुम्ही त्या सकाळी मुलाला माझ्या दारात उभं केलंत आणि दार उघडं ठेवायला लावलंत, तेव्हा मला तुमचा राग आला होता. मी कुशीवर वळले, हात घातला, पाय सोडले, आणि डोकं वर आल्यावर बघितलं तर तो उंबऱ्यावर खाली बसलेला. त्या दिवसापासून तो बदलला. बादली उचलतो. गाडी हळू चालवतो, मी नसले तरी, सूनबाई सांगते. ती मला आठवड्यातून एकदा एका डॉक्टरीणबाईकडे नेते, मनातलं बोलायला. तिथं मी बोलते. ते मागचं, सिग्नलचं, आता कमी वाटतं. तुम्हाला दिलेला शब्द पाळते, वाटलं की सांगते.

म्हणजे सगळं तुम्ही म्हणालात तसं झालं. मी खोटी नाही हे सगळ्यांना कळलं. मला वाटत होतं, एवढं कळलं की निम्मं दुखणं उतरेल. तुमच्यापासून काय लपवायचं, नाही उतरलं. विश्वास बसायच्या आधी जेवढं दुखत होतं तेवढंच आताही दुखतं. फक्त आता सगळ्यांना दुखतं.

घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. दार लागलं तर सूनबाई माझ्याकडे बघते. मुलगा ऑफिसमधून फोन करून मानेचं विचारतो, मी कालचंच सांगते, तो फोन ठेवतो. कापड बेतणारा भेटायला आला होता. खुर्चीच्या टोकावर बसला, "बाई, आम्हाला माहीत नव्हतं," म्हणाला, पाणी पिऊन गेला. वकीलसाहेबांना मी शेवटी पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि का यावं?

काल व्यायामवालीकडे मान उजवीकडे पूर्वीपेक्षा जरा पुढे गेली. अगदी जरा. पण ती खूश झाली, मीही झाले. त्या भरात काल जेवताना मी तिची नक्कल काढली. ती समोरच्याला व्यायाम दाखवताना स्वतःच हनुवटी आत ओढते आणि डोळे मोठे करून "छान, छान, अजून थोडं" म्हणते, एवढीच. मोठी नव्हती. पण जानेवारीनंतर पहिल्यांदा कोणीतरी आलं होतं माझ्यात. आणि जमली होती वन्सं, जमलेली मला कळते.

मी दोघांकडे बघितलं. दोघांचे घास हातात थांबलेले. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी. मुलानं खुर्ची मागे सारली, आतून उशी आणली, माझ्या मानेमागं हळूच लावली आणि विचारलं, "आई, फार दुखतंय का?"

मी हो म्हटलं. दुखत होतंच.

तुमची वहिनी